साचलेल्या पाण्याला ओढ नसते?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गात एक वाद रंगला. विषय होता पोहण्याचा. एक मैत्रीण म्हणाली, "नदीला प्रवाह असतो हे कबूल, पण तलावात आणि शहरातल्या तरणतलावात कसला आला आहे प्रवाह? तेथले पाणी तर साचलेले!" बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या वेळी मी गप्प बसले, कारण चारचौघांत बोलण्याची मला अजून सवय व्हायची आहे. पण ते वाक्य वर्षभर मनातून गेले नाही. त्याचे उत्तर आता वार्षिकांकाच्या निमित्ताने देत आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल वाद घालावा, या वेळी मी गप्प बसणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, साचलेले पाणी ही केवळ काठावरून पाहणाऱ्याची समजूत आहे. पाण्यात उतरणाऱ्याला ते कुठे ना कुठे ओढतच असते. ही ओढ ओळखायला न शिकविता नुसते हातपाय मारायला शिकविणे म्हणजे पोहणे शिकविणे नव्हे. आणि आपल्या जिल्ह्यात तर हे शिकविण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी घ्यायला हवी.

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. १९९९ साली दोन जिल्हे वेगळे झाले, पण तलावांची ओळख दोघांच्या वाट्याला आली. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या नावावर गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव सरकारी कागदात अजून टिकून आहे. इतिहासाचे विद्यार्थी या तलावांवर निबंध लिहितात, भूगोलाच्या सहलीत नवेगावबांधचा जलाशय पाहून होतो. मात्र त्या पाण्यात उतरले तर काय होते, हे कुठल्याच विषयाच्या अभ्यासक्रमात येत नाही.

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरणे हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्यामुळे तलावाची रचना मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. तलावाला पाळ असते, जादा पाणी निघून जायला सलंग असते आणि धानाच्या बांध्यांना पाणी सोडायला तुडुम असते. ज्यांनी तुडुम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते: पाळीजवळ पाण्यात उभे केलेले ते एक बांधकाम असते. त्याला एकाखाली एक भोके असतात आणि ती लाकडी बुचांनी बंद केलेली असतात. पाणी पाहिजे असले की वरचे बुच काढायचे, पातळी उतरली की त्याखालचे. भोकातून शिरलेले पाणी पाळीच्या पोटातून पलीकडे पाटात निघते. काही गावांत आता लोखंडी दरवाजे बसले आहेत, तत्त्व तेच.

बुच काढलेले असते तेव्हा वरून पाहणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. कमळाची पाने जागच्या जागी असतात, पाणकोंबड्या फिरत असतात. ओढ असते ती खाली, भोकाच्या तोंडाशी.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. धान पोटरीतून निसवून गेले होते, शेवटचे पाणी चालू होते. शेजारच्या घरी शहरातले पाहुणे आले होते. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तरणतलावात तीन उन्हाळे शिकलेला, आणि पोहायचा खरोखर सुरेख. हात कसे स्वच्छ पडत, मान कशी वळे, आम्ही पोरे पाळीवरून पाहतच राहिलो. तो सरळ तुडुमापर्यंत गेला, दम घ्यायला त्याला धरून उभा राहिला आणि त्याचा पाय आत ओढला गेला. आधी त्याला हसू आले, मग तो ओरडला. बाबा डोंग्यावर होते. त्यांनी त्याच्याकडे जायच्या आधी पाळीवरच्या माणसाला हाक मारून बुच लावायला सांगितले. मला तेव्हा रागच आला होता, की आधी पोराला का ओढत नाहीत? नंतर कळले की पाण्याच्या दाबाने अडकलेला पाय चार माणसांच्या ताकदीनेसुद्धा निघत नाही, उलट मोडतो. पाणी थांबले की तो आपोआप सुटतो. मुलाची पोटरी सोलून निघाली, बाकी तो सुखरूप राहिला.

त्या संध्याकाळी बाबा त्याला म्हणाले, "पान्यासंग भांडाचा नाई, बापू. पानी जिकडे नेते तिकडे थोडा जाचा, मंग काठ पाहाचा. पन तुडुमाजवर जाचाच नाई." माझे वडील चौथी शिकले आहेत.

तुडुमाची ओढ मोसमी असते. वाऱ्याची ओढ मात्र बाराही महिने असते. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की तलावाचे वरचे पाणी वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाकडे सरकते. तेथे ते साठून राहणार कुठे? ते खालून परत फिरते. जाळे टाकणाऱ्याला हे हाताला कळते. जाळ्याची वरची दोरी एकीकडे ताणते, वजनाची खालची दोरी दुसरीकडे. पोहणाऱ्याला ते उशिरा कळते. तो समोर पाहून निघतो आणि दहा मिनिटांनी मान वर करतो तो शंभर हात बाजूला गेलेला असतो. मग घाबरून जोरजोराने हात मारू लागतो, आणि दमतो. आमच्याकडे लहान मुलाला पहिल्यांदा तलाव ओलांडायला लावतात तेव्हा सांगतात की पलीकडची दोन झाडे एका रेषेत धर, पुढचे मोहाचे आणि मागचे चिंचेचे. दोन्ही एकमेकांपासून सरकू लागली की समज, पाणी तुला नेते आहे. एकच झाड धरले तर हे कळत नाही. इतकी साधी युक्ती आहे ही, पण भूमितीच्या तासाला मला ती कोणी सांगितली नव्हती.

आता तरणतलावाकडे वळते.

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी पहिल्यांदा शहरात गेले. पन्नास मीटरचा उघडा तलाव, तळाशी काळ्या रेघा, दोरांनी पाडलेल्या लेन. पाणी इतके स्वच्छ की मला आधी उतरायलाच संकोच वाटला. आदल्या दिवशी सरावाला एकाच लेनमध्ये आम्ही सातजणी होतो. डाव्या बाजूने जायचे, पलीकडच्या भिंतीला लागून दुसऱ्या बाजूने परत यायचे, असा नियम. दहाबारा फेऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आले की लेनमधले पाणीच आमच्याबरोबर फिरू लागले आहे. रवी फिरविली की ताक फिरते, तसे. पुढच्या मुलीच्या पायांच्या मागे राहिले तर श्रम कमी पडत. मधोमध तिला ओलांडायला गेले की समोरून येणारे पाणी अंगावर येई. शेवटच्या लेनची गंमत निराळी. आपणच उठविलेली लाट भिंतीवर आपटून परत येते आणि नेमकी श्वासाच्या वेळी तोंडात शिरते. शिवाय भिंतीतल्या छिद्रांमधून गाळलेले पाणी आत सोडलेले असते, तेथे पोटाला थंड धार लागते ती वेगळीच.

मी हे आमच्याबरोबर आलेल्या एकांना सांगितले. ते म्हणाले, "तरणतलावात प्रवाह नसतो. तू दमलीस, एवढेच."

दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी उतरण्यापूर्वी, मी पाण्यावर एक वाळलेले पान टाकले आणि शेजारी निम्मी पाणी भरलेली बाटली. ही बाबांची पद्धत. पान पाण्यावर तरंगते म्हणून ते वाऱ्याचे ऐकते, बाटली बुडून राहते म्हणून ती पाण्याचे ऐकते. वारा नव्हता, पान जवळजवळ जागेवरच होते. बाटली मात्र भिंतीच्या कडेने हळूहळू चालू लागली. मी घड्याळ घेऊन तिच्यामागे काठाने चालले. पहारेकऱ्याने मला वेड्यात काढले असावे.

आता कोणी म्हणेल, ही पोर हरली म्हणून पाण्याला दोष देते आहे. तर सांगून टाकते, माझा क्रमांक शेवटून दुसरा आला आणि तो प्रवाहामुळे नव्हे. मला भिंतीवरून वळता येत नव्हते. आमच्या तलावाला भिंतच नाही, तर वळण शिकणार कुठे? प्रवाहाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती माझ्यासारखीच्या तोंडची नाही. २०१३ साली बार्सिलोना येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या निकालांचा अभ्यास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत प्रत्येक फेरीची वेळ नोंदलेली असते. ती त्यांनी जाताना किती आणि येताना किती अशी वेगळी मांडून पाहिली. तलावाच्या एका बाजूच्या लेनमध्ये जाताना वेळ कमी आणि येताना जास्त. दुसऱ्या बाजूच्या लेनमध्ये नेमके उलटे. एवढ्या निष्णात लोकांची चाल एका दिशेला बदलावी आणि तीही लेनच्या क्रमांकाप्रमाणे, याचा अर्थ त्यांनी पाणी फिरत असावे असा लावला. पन्नास मीटरच्या शर्यतीत तर परत यायचेच नसते. ज्याच्या वाट्याला अनुकूल लेन आली त्याचा लाभ तसाच राहतो. जगातली सर्वांत मोठी स्पर्धा, सर्वांत काळजीने बांधलेला तलाव, आणि तेथेही पाणी स्थिर आहे असे कोणाला छातीठोकपणे सांगता येऊ नये! आमच्या वर्गातल्या माना डोलावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बरे, 'जाताना मिळते, येताना जाते, हिशेब सरखाच' असेही कोणी म्हणतात. तेही खरे नाही. समजा एक मुलगी सेकंदाला एक मीटर पोहते. स्थिर पाण्यात पन्नास मीटर जाऊन परत यायला तिला १०० सेकंद लागतात. आता पाण्याला सेकंदाला अर्ध्या मीटरची ओढ आहे असे धरा. ओढीबरोबर पन्नास मीटर जायला तिला सुमारे ३३ सेकंद लागतील आणि ओढीविरुद्ध परत यायला पूर्ण १००. बेरीज १३३. पाण्याने दिलेले कमी आणि घेतलेले जास्त, कारण उलट येताना ती पाण्याच्या तावडीत जास्त वेळ राहते. ओढ सेकंदाला एक मीटर झाली तर ती कितीही हात मारो, जागची हलणार नाही. जगातला सर्वांत वेगवान पोहणारासुद्धा पन्नास मीटरला सुमारे २१ सेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम २.४ मीटर. पुराची नदी त्याहून वेगाने धावू शकते. पुरात उडी घेऊन काठाकडे सरळ पोहू पाहणाऱ्या गड्याची गोष्ट या आकड्यांतच संपते.

म्हणून नदीत सापडलेल्याने उलटे पोहायचे नसते. उताणे व्हावे, पाय खालच्या दिशेला पुढे धरावेत म्हणजे दगडाला डोके न लागता पाय लागतील, आणि वाहता वाहता तिरपे काठाकडे सरकत राहावे. निघालो तेथेच परत लागण्याचा हट्ट सोडला पाहिजे. हे ऐकायला सोपे आहे. पण घाबरलेला माणूस नेमका त्याच घाटाकडे पोहतो जेथे त्याचे कपडे ठेवलेले असतात.

याच संदर्भात आरती साहांची हकीकत वाचून मी थक्क झाले. २७ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडताना इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना त्यांना विरुद्ध ओढ लागली. तासन्‌तास पोहूनही अंतर कमी होईना आणि शेवटी त्यांना पाण्याबाहेर यावे लागले. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत पार झाल्या. तेव्हा त्यांना एकोणीस वर्षे पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. माझ्याच वयाच्या त्या. महिन्याभरात काही दंडांची ताकद दुप्पट होत नाही. तोच माणूस, तीच खाडी. वेगळी होती ती पाण्याची वेळ.

वैनगंगेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी काठावरच्या लोकांनीही २०२० साली जबर किंमत देऊन शिकून घेतली. ऑगस्टच्या अखेरीस आलेला तो पूर आपल्या आभाळातून पडला नव्हता. पाऊस मध्यप्रदेशात झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि पाणी आपल्याकडे आले. तिरोडा तालुक्यात नदीकाठी माझ्या मावशीचे घर आहे. ती सांगते, ऊन पडले होते आणि पाणी अंगणात चढत होते. ऊन पाहून नदीत उतरणाऱ्याला वरच्या अंगाला काय घडले हे ठाऊक नसते. वाळू उपसून पडलेले डोह तर मोजायलाच नकोत. काल गुडघ्याएवढे पाणी होते तेथे आज पुरुषभर असते, आणि त्या खड्ड्याच्या तोंडाशी पाणी गरगरते.

एवढे सगळे लिहिण्याचे कारण पुढे आहे.

माझ्या आईला पोहता येत नाही. लहानपणापासून ती पाण्यात आहे. शिंगाडे काढायला कमरेएवढ्या पाण्यात, धुणे धुवायला घाटावर, मासे वेचायला डोंग्याच्या कडेला. भावाला बाबांनी पाच वर्षांचा असताना पाण्यात टाकले. मी त्याच्यामागे चोरून उतरले म्हणून शिकले, आणि बारा वर्षांची झाल्यावर मला बंद करण्यात आले. महाविद्यालयात आल्यावर स्पर्धेसाठी म्हणून पुन्हा परवानगी मिळाली. तीही 'कालेजचे काम आहे' या सबबीखाली. ढिवराच्या घरात ही स्थिती, तर बाकीच्या घरांत काय असेल? मी आमच्या वर्गात विचारून पाहिले. बेचाळीस मुलींपैकी पोहता येणाऱ्या निघाल्या तीन. यांतल्या बहुतेकींच्या गावात तलाव आहे. गणपती आणि शारदेच्या विसर्जनाला सलंगेवरून पाणी वाहत असते, त्याच दिवसांत या सगळ्या घाटावर असतात.

२०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि शाळकरी मुलांना पोहणे व पाण्यातली सावधगिरी शिकवा असाच उपाय सुचविते. त्यासाठी संगमरवरी तलाव लागत नाहीत. आपल्यासारख्याच तळ्यांच्या बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचे मचाण बांधून, बुडणार नाही एवढी खोली राखून, मुलांना पोहायला शिकविण्याचा उपक्रम चालविला गेला आहे. शिकविणारे त्याच गावातले तरुण. बांबू आपल्याकडे नाहीत असे कोणी म्हणू नये.

आपल्या महाविद्यालयांचा विचार मात्र असा असतो की तरणतलाव बांधायला पैसा मिळेल तेव्हा पोहणे शिकवू. तोवर कबड्डी आणि खो-खो. मला कबड्डीविषयी आदर आहे, पण कबड्डी न येणारा माणूस त्यापायी मरत नाही. तरणतलाव झालाच, तर तेथे पुन्हा हात स्वच्छ पाडणे शिकविले जाईल आणि दिवाळीत कोणीतरी तुडुमाला धरून उभा राहील. याला दोन बाजू आहेत, हे मी मानते. आमच्या तलावात शिकलेल्यांना वळण येत नाही, वेळेशी झुंजता येत नाही. श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायला मी शहरातच शिकले, आणि आता वाऱ्याची लाट ज्या अंगाने येते त्याच्या दुसऱ्या अंगाला तोंड काढता येते म्हणून त्या शिक्षकांची मी ऋणी आहे. पण स्पर्धेला जाणाऱ्या दोघीतिघी, आणि तलावाकाठी राहणारे सगळेच.

जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न मला आधीच विचारण्यात आला आहे. एखादी मुलगी बुडाली तर? प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रयोग छोटा करावा. वार्षिक परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी, तलावाचे पाणी उतरलेले असते आणि तुडुम बंद असते. त्या दिवसांत काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात दोर बांधून एक चौकोन आखता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावी जातेच, ते एकदा तलाव असलेल्या गावी न्यावे. पहिले चार दिवस हातपाय मारायला शिकवूच नये. फक्त उताणे तरंगणे, पान आणि बाटली सोडून पाणी कुठे चालले आहे ते पाहणे, आणि दोन झाडे एका रेषेत धरणे. मुलींनी सलवार-कमीज घालूनच उतरावे. घाटावरून पाय घसरतो तेव्हा अंगावर तेच कपडे असतात.

शिकवायला माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. मी बाबांना विचारले आहे. ते आधी हसले, कालेजातल्या पोरींना आपण काय शिकवाचा म्हणाले. मग म्हणाले, डोंगा दोन लागतील, एक आपला आहे, दुसरा मत्स्य संस्थेचा मागून पाहतो. आणि आईला पहिल्या तुकडीत घ्यायचे, एवढी माझी अट आहे.